पगार थांबल्यावर पगार कुठून?

जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी आणि एसटीचे कंडक्टर एकाच महिन्याअखेर, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले असं समजा. दोघांची नोकरी तीस-तीस वर्षांची. शाल, श्रीफळ आणि ‘आता नातवंडांत रमा’ हा सल्ला दोघांनाही सारखाच मिळाला. फरक कळतो तो पुढच्या महिन्यात. गुरुजी १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत लागलेले. त्यामुळे त्यांना शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, तिच्यावर वाढता महागाई भत्ता, आणि त्यांच्यामागे पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन. कंडक्टर महामंडळाचे नोकर, सरकारचे नव्हेत. त्यांना प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी एकदाच मिळते. दरमहा मिळते ती ‘ईपीएस-९५’ची, म्हणजे पीएफशी जोडलेल्या १९९५ च्या पेन्शन योजनेची पेन्शन, बहुधा पाच हजारांच्याही आत.

सातपूर, चाकण, वाळूज किंवा बुटीबोरीच्या कारखान्यांतल्या कामगारांची, खासगी कंपन्यांतल्या कारकुनांची आणि सहकारी कारखान्यांतल्या नोकरांची गत कंडक्टरसारखीच असते. ‘आपला पीएफ कापला जातो, म्हणजे पेन्शन आहेच’ या समजुतीवर अनेक जण पंचावन्नपर्यंत येतात. म्हणून हा हिशेब एकदा नीट मांडून बघायला हवा.

मूळ वेतन आणि महागाई भत्त्यातून कर्मचाऱ्याचे १२ टक्के कापले जातात, ते सगळे पीएफ खात्यात जातात. मालकही १२ टक्के भरतो, पण त्यातले ८.३३ टक्के पेन्शन फंडाकडे वळतात, आणि तेही जास्तीत जास्त १५,००० रुपयांच्या पगारावर. म्हणजे पगार ६०,००० असला तरी पेन्शनसाठी महिन्याला जमा होतात फक्त १,२५० रुपये. पेन्शन ठरवताना पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणतात आणि ७० ने भागतात. १५,००० च्या पगारावर पूर्ण ३५ वर्षं धरली तरी उत्तर येतं ७,५००. त्यातही १५,००० ची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची. त्याआधीच्या वर्षांना ६,५०० रुपयांची मर्यादा लागते. त्यामुळे १९९५ च्या नोव्हेंबरात योजना सुरू झाली तेव्हापासून सलग तीस वर्षं काम केलेल्या माणसालाही साडेचार हजारांच्या आसपास पेन्शन बसते. तिच्यावर महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली. ती ७,५०० करावी म्हणून या पेन्शनरांचं आंदोलन वर्षानुवर्षं चालू आहे आणि त्यात बुलढाण्याचं नाव आघाडीवर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर ज्यांनी जादा पेन्शनचा पर्याय निवडला आणि ज्यांचा तो मंजूर झाला, त्यांचं गणित वेगळं. बाकीच्यांनी या पेन्शनकडे वीजबिल आणि किराण्याचा काही भाग भागवणारी रक्कम म्हणून बघावं.

सरकारी नोकरीतही सगळे सुखात आहेत असं नाही. २००५ नंतर लागलेल्यांना राष्ट्रीय पेन्शन योजना, म्हणजे एनपीएस, लागू झाली. तिच्यात पेन्शनचा आकडा आधी ठरलेला नसतो, तो जमलेल्या रकमेवर आणि बाजारावर अवलंबून असतो. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभरातले कर्मचारी संपावर गेले ते यासाठीच. पुढे केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये एकीकृत निवृत्तिवेतन योजना आणली. २५ वर्षांच्या सेवेला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, हा तिचा गाभा. संप करून काही पदरात पाडून घेण्याची ताकद या कर्मचाऱ्यांकडे होती. दुकानदार, रिक्षावाले, शिकवणी घेणाऱ्या बाई, घरून केक करून विकणारी गृहिणी यांनी संप कुणाविरुद्ध करायचा?

या सगळ्यांना पहिला प्रश्न पडतो तो ‘किती कोटी लागतील?’ हा. तो चुकीच्या टोकाने विचारलेला आहे. आधी ठरवायचं ते दरमहा किती लागेल, किती वर्षं लागेल आणि ते कोणाच्या नावाने येईल. कोटींचा आकडा त्यातून आपोआप निघतो.

दरमहा किती, हे अंदाजाने सांगू नये. सहा महिन्यांचे बँक आणि यूपीआयचे उतारे काढून घरखर्च लिहावा. मग त्यातून निवृत्तीनंतर न राहणाऱ्या गोष्टी वगळाव्यात: गृहकर्जाचा हप्ता, मुलांच्या फिया, रोजचा प्रवास, ऑफिसातली वर्गणी. नंतर वाढणाऱ्या गोष्टी घालाव्यात: औषधं, घरकामाला मदतनीस, वर्षातून एकदा मुलीकडे बंगळुरूला जाणं, सोसायटीच्या लिफ्टचं काम निघालं की येणारी पन्नास हजारांची मागणी. हा वार्षिक आणि अचानक येणारा खर्च लोक विसरतात. त्याला बाराने भागून महिन्याच्या खर्चात मिळवावं. पुण्यात किंवा नाशिकमध्ये स्वतःच्या घरात राहणाऱ्या दोघांचा खर्च असा मोजून महिना ४०,००० निघाला असं धरू.

किती वर्षं? साठी गाठलेला भारतीय माणूस सरासरी आणखी १८ वर्षं जगतो. पण सरासरी म्हणजे निम्म्याच्या आसपास माणसं त्याहून जास्त जगणार. बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, आणि आपल्याकडे बायको नवऱ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान असते. म्हणून जोडप्याने हिशेब बायकोच्या नव्वदीपर्यंत धरावा. साठीपासून मोजलं तर तीस वर्षं. जितकी वर्षं नोकरी केली, तितकीच वर्षं पगाराशिवाय काढायची आहेत.

आणि त्या तीस वर्षांत ४०,००० हे ४०,००० राहणार नाहीत. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर ७२ ला ६ ने भागून येणाऱ्या बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. म्हणजे बहात्तराव्या वर्षी तेच घर चालवायला ८०,००० लागतील, चौऱ्याऐंशीव्या वर्षी १,६०,०००. गुंतवणुकीवर ७ टक्के मिळत राहिले आणि महागाई ६ टक्के राहिली, तर ४०,००० च्या खर्चाला तीस वर्षं पुरण्यासाठी साठीला सव्वा कोटीच्या थोडं वर लागतात. थोडक्यात, वार्षिक खर्चाच्या २५ ते ३० पट. विल्यम बेंगन या अमेरिकी सल्लागाराने १९९४ मध्ये मांडलेला ‘चार टक्क्यांचा नियम’ हल्ली आपल्याकडेही सांगितला जातो: पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढा, मग महागाईनुसार वाढवत न्या. तो अमेरिकेच्या शेअर आणि रोखे बाजाराच्या इतिहासावर बेतलेला आहे. आपल्या महागाईला साडेतीन टक्केच बरे.

सव्वा कोट वाचून पान उलटू नये. या रकमेतून ईपीएसची पेन्शन, दुकानाच्या गाळ्याचं भाडं, गावच्या शेतीचा खंड अशा उत्पन्नाचा वाटा वजा होतो. १०,००० रुपये दरमहा कुठून नक्की येत असतील आणि वाढत असतील, तर गरज चौथ्या हिश्श्याने घटते. तरीही तफावत उरलीच, तर निवृत्ती दोन-तीन वर्षं पुढे ढकलणं किंवा निवृत्तीनंतर अर्धवेळ काम करणं हा त्यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय. तेवढी वर्षं पुंजीला हात लागत नाही.

आता सुरुवात कधी, याबद्दल. महिना ५,००० रुपये तिसाव्या वर्षापासून साठीपर्यंत गुंतवले आणि वर्षाला सरासरी १० टक्के वाढ मिळाली, तर सुमारे १ कोटी १३ लाख होतात. तेच चाळिसाव्या वर्षी सुरू केलं तर ३८ लाख. पंचेचाळिसाव्या वर्षी सुरू केलं तर जेमतेम २१ लाख. चाळिशीत सुरू करून तिशीवाल्याला गाठायचं तर महिन्याला १५,००० भरावे लागतील. असे आकडे म्युच्युअल फंडांच्या जाहिरातींत असतात आणि ते खरेच असतात. जाहिरातीत नसतं ते पुढचं: ६ टक्के महागाईने तीस वर्षांनंतरच्या १ कोटी १३ लाखांची आजची किंमत वीस लाखांच्याही आत आहे. म्हणून एसआयपी सुरू करून विसरून जाणं पुरत नाही. पगारवाढ झाली की हप्ताही वाढवायचा, वर्षाला निदान दहा टक्के. ही वाढ सुरुवातीलाच अर्जात लिहून देता येते, म्हणजे दरवर्षी मनाशी वाद घालावा लागत नाही.

पैसे कुठे ठेवायचे? नोकरदारांसाठी उत्तराची सुरुवात पीएफपासून होते. अलीकडच्या वर्षांत त्याचा व्याजदर ८.२५ टक्के आहे आणि इतक्या सुरक्षित जागी इतकं व्याज दुसरीकडे सहज मिळत नाही. ज्यांना शेअर बाजाराची भीती वाटते त्यांनी १२ टक्क्यांवर स्वेच्छेने जास्त कपात सांगावी. फक्त स्वतःची वर्षाची वर्गणी अडीच लाखांच्या वर गेली की वरच्या रकमेचं व्याज करपात्र ठरतं.

पण पीएफचं सर्वांत जास्त नुकसान व्याजदराने होत नाही, नोकरी बदलताना होतं. पस्तिशीत कंपनी सोडताना खात्यात तीन लाख असतात, ते काढून गाडीचं डाउन पेमेंट किंवा घराचं इंटिरिअर होतं. ते तीन लाख ८ टक्क्यांनी अठ्ठावन्नपर्यंत राहिले असते तर साडेसतरा लाख झाले असते. शिवाय पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. दहा वर्षं भरण्याआधी नोकरी सोडली तर पेन्शनचा हिस्सा काढून घेण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्यावं, म्हणजे पुढच्या नोकरीतली वर्षं त्यात मिळवली जातात. पन्नाशीनंतर पेन्शन लवकर सुरू करता येते, पण अठ्ठावन्नला जितकी वर्षं कमी असतील तितके दरसाल ४ टक्के कापले जातात. ती कपात कायमची असते.

मराठी घरांत या खात्यांचं आणखी एक खास दुखणं आहे, ते नावाचं. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. कंपनीच्या दप्तरात वडिलांचं नाव गाळलेलं, पॅनवर पूर्ण. लग्नानंतर बायकांचं तर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, कधी पहिलंही. खात्यावर ‘सुनीता’ माहेरच्या नावाने आणि आधारवर सासरच्या नावाने असेल, तर दावा परत येतो. त्या वेळी जुनी कंपनी बंद पडलेली असली, तर दुरुस्तीवर सही कोणाची घ्यायची इथपासून हेलपाटे सुरू होतात. हे काम अठ्ठावन्नला नव्हे, आजच करण्याचं आहे. पीएफच्या संकेतस्थळावर यूएएनने, म्हणजे पीएफ सदस्याच्या कायम क्रमांकाने, लॉगिन करून नाव, जन्मतारीख, नोकरी सोडल्याची तारीख आणि वारसाची नोंद तपासावी. जुनी खाती एकाच यूएएनखाली आली आहेत का, तेही बघावं.

पीपीएफ हे दुसरं जुनं, विश्वासाचं खातं. १९६८ पासून चालत आलेलं, वर्षाला दीड लाखाची मर्यादा, १५ वर्षांची मुदत आणि पुढे पाच-पाच वर्षांनी वाढ. धंदेवाल्यांना पीएफ नसतो, त्यांनी ते उघडलेलं असावंच. महिन्याच्या ५ तारखेपर्यंत भरलेल्या पैशांवरच त्या महिन्याचं व्याज मिळतं, म्हणून वर्षाची रक्कम ५ एप्रिलच्या आत भरणारे शहाणे. दरवर्षी दीड लाख असे पंचवीस वर्षं भरले तर ७.१ टक्क्यांनी एक कोटीच्या पुढे जातात, आणि तेही करमुक्त. मात्र ज्येष्ठांच्या तोंडून ऐकलेला ‘पीपीएफचा बारा टक्के’ डोक्यातून काढून टाकावा. तो दर जानेवारी २००० मध्ये घटला, २००३ मध्ये ८ वर आला आणि एप्रिल २०२० मध्ये ७.१ झाला. महागाईवर त्याची आघाडी थोडीच.

म्हणून वीस-पंचवीस वर्षं हाताशी असणाऱ्याने बचतीचा काही भाग शेअरशी जोडलेल्या साधनांत, इंडेक्स फंडात किंवा एनपीएसमध्ये ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. एनपीएस २००९ पासून सर्व नागरिकांना खुली आहे, तिचा खर्च फार कमी आहे आणि साठीपर्यंत पैसे सहजासहजी काढता येत नाहीत. ही शेवटची गोष्ट लोकांना जाचक वाटते, पण पीएफच्या वरच्या कहाण्या बघता ती वरदान म्हणावी. साठीला काही हिस्सा वार्षिकीत, म्हणजे विमा कंपनीकडून दरमहा मिळणाऱ्या ठरावीक रकमेत, गुंतवावा लागतो. सरकारी कर्मचाऱ्यांना हा हिस्सा किमान ४० टक्के आहे. इतरांसाठी तो अलीकडे कमी केला आहे. नव्या करप्रणालीत पीपीएफ किंवा विम्याच्या हप्त्यावर वजावट मिळत नाही, पण मालकाने एनपीएसमध्ये भरलेल्या रकमेवर मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंत मिळते. पगाराची रचना बदलून देणारी कंपनी असेल तर एचआरला हे विचारावं.

फ्लॅट आणि सोनं यांच्यावर आपल्या लोकांचा जीव. राहतं घर हवंच, त्याबद्दल वाद नाही. दुसरा फ्लॅट मात्र निवृत्तीचं साधन म्हणून जोखून बघावा. साठ लाखांच्या फ्लॅटला महिना पंधरा हजार भाडं आलं तर ते वर्षाला तीन टक्के होतं. त्यातून देखभाल, मालमत्ता कर आणि रिकामे महिने वजा करायचे. पैशांची नड आली की त्या फ्लॅटची एक खोली विकता येत नाही.

ज्यांचं उत्पन्न कमी आणि अनियमित आहे त्यांच्यासाठी अटल पेन्शन योजना आहे. १८ ते ४० वयाच्या, आयकर न भरणाऱ्या कोणालाही ती बँकेत किंवा पोस्टात घेता येते. साठीनंतर महिना ५,००० मिळवायचे असतील तर १८ व्या वर्षी सुरू करणाऱ्याला महिना २१०, तिसाव्या वर्षी ५७७, चाळिसाव्या वर्षी १,४५४ रुपये भरावे लागतात. सदस्याच्या मागे जोडीदाराला तेवढीच पेन्शन आणि दोघांनंतर वारसाला ८.५ लाख. तीस वर्षांनंतरच्या ५,००० ची किंमत आजच्या हजारापेक्षाही कमी असेल, तेव्हा तिच्यावर विसंबून राहता येणार नाही. तरी ‘लाडकी बहीण’चे दीड हजार ज्या तिशीतल्या बाईच्या खात्यात येतात, तिने त्यातले ५७७ इकडे वळवले तर साठीनंतर स्वतःच्या नावाचा काही पैसा येईल. ६५ वर्षांवरच्या निराधार, गरीब वृद्धांना राज्याच्या श्रावणबाळ योजनेतून दीड हजार मिळतात. पात्र असूनही अर्ज न केलेले वृद्ध गावोगाव सापडतील. त्यांना तहसील कचेरीपर्यंत नेणं हे शेजाऱ्यापाजाऱ्यांचं काम.

या सगळ्यात सर्वांत धोक्याचा काळ निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने. आयुष्यात प्रथमच खात्यात पस्तीस-चाळीस लाख एकदम येतात आणि ते आल्याचं बँकेतल्या ‘रिलेशनशिप मॅनेजर’ला निवृत्त माणसाच्या बायकोआधी कळतं. तो चहा पाजतो आणि ‘पेन्शन प्लॅन’ म्हणून दहा वर्षं हप्ता भरायची विमा पॉलिसी पुढे करतो. भाच्याला धंदा वाढवायचा असतो. एखाद्या ओळखीच्याकडे ‘दरमहा तीन टक्के’ देणारी स्कीम असते. मोठमोठ्या बिल्डरांच्या ठेवींत पुण्या-मुंबईच्या निवृत्तांची आयुष्यभराची कमाई अडकल्याचं आपण पाहिलं आहे. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्याला १९९९ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. खटले चालतात, मालमत्ता जप्त होतात, पैसे मात्र वर्षानुवर्षं येत नाहीत. महिना तीन टक्के म्हणजे वर्षाला ३६. ज्याला प्रामाणिकपणे ३६ टक्के कमावता येतात, तो निवृत्त मास्तरांकडे कशाला येईल? पहिले तीन महिने पैसे मोठ्या बँकेत अल्प मुदतीत ठेवावेत आणि सगळ्यांना ‘बघतो’ एवढंच सांगावं. विमा पॉलिसी गळ्यात पडलीच, तर कागदपत्रं हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

तीन महिने म्हणण्याला आणखी एक कारण आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना एरवी साठीनंतर घेता येते, पण ५५ ते ६० वयात निवृत्त झालेल्यांना निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती उघडता येते. ही मुदत चुकली तर साठीपर्यंत थांबावं लागतं. एप्रिल २०२३ मध्ये तिची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली आणि दर ८.२ टक्क्यांवर गेला. सरकार दर तिमाहीला दर नव्याने जाहीर करतं, पण खातं उघडताना मिळालेला दर पाच वर्षं बदलत नाही. ८.२ टक्क्यांनी ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये खात्यात येतात. नवरा-बायको दोघांनी स्वतंत्र खाती काढली तर ६० लाखांवर महिन्याचे ४१,००० पडतात. पोस्टाची मासिक प्राप्ती योजना त्याच्या जोडीला, संयुक्त खात्यात १५ लाखांपर्यंत.

४१,००० म्हणजे आपल्या जोडप्याचा खर्च भागला की! पहिल्या वर्षी भागला. बाराव्या वर्षी ८०,००० लागतील तेव्हाही येणार ४१,०००च, कदाचित कमी. कारण मुदत संपली की त्या वेळचा दर लागतो. २०२५ या एका वर्षात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५ वरून ५.२५ वर आणला आणि मुदत ठेवींचे दर मागोमाग घसरले. सगळं व्याज खाऊन टाकणाऱ्या निवृत्तांची कोंडी सत्तरीत होते ती अशी. वार्षिकीचंही तेच: रक्कम मरेपर्यंत मिळते, पण वाढत नाही. तिचा उपयोग सत्तरीनंतर, वीजबिल-किराण्यासारखा किमान खर्च बांधून घेण्यापुरता करावा. वय वाढलं की दरही चांगला मिळतो.

म्हणून पुंजीचे तीन भाग करावेत. दोन वर्षांचा खर्च बचत खात्यात आणि छोट्या मुदत ठेवींत. मोठा भाग ज्येष्ठ नागरिक योजना, पोस्ट आणि चांगल्या बँकांत. उरलेले २० ते ३० टक्के शेअरचा अंश असलेल्या फंडांत, निदान सात-आठ वर्षं हात न लावण्यासाठी. हा तिसरा भाग बहात्तराव्या वर्षीच्या ८०,००० ची सोय करतो. पहिला भाग असतो तो तिसऱ्याला वाचवण्यासाठी. जानेवारी २०२० मध्ये ४२,००० ला असलेला सेन्सेक्स मार्चमध्ये २६,००० च्या खाली गेला होता. तेव्हा ज्यांच्याकडे घरखर्चाची सोय वेगळी होती त्यांना तोट्यात विकावं लागलं नाही, आणि वर्षभरात बाजार पुन्हा वर आला.

बँकांबद्दल एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंतच आहे, सगळ्या शाखा मिळून. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवानाच गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेसमोर रांगा लागल्या. पतसंस्थांना तर हा विमा लागूच नाही. तिथे अध्यक्ष ओळखीचे असतात, व्याज एक टक्का जास्त मिळतं आणि ठेव काढायला गेलं की संकोच वाटतो. निवृत्तीच्या पैशांसाठी ही तिन्ही कारणं वाईट.

आजारपण हा हिशेबातला सर्वांत मोठा अनिश्चित आकडा. कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवसाबरोबर संपतो, म्हणून स्वतःचा विमा पन्नाशीच्या आत, मधुमेह-रक्तदाब मागे लागण्याआधी घ्यावा. आधीच्या आजारांसाठी कंपन्या आता जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावू शकतात. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. सत्तरीच्या पुढच्या सर्वांना, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान भारतचं ५ लाखांचं वार्षिक संरक्षण मिळतं. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनाही आहे. आपल्या गावातलं कोणतं रुग्णालय यादीत आहे आणि तिथे कोणत्या शस्त्रक्रिया होतात, हे आजारी पडण्याआधी विचारून ठेवावं.

राहिलं घर. महाराष्ट्रात राहतं घर मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करायला फक्त २०० रुपये मुद्रांक शुल्क लागतं. ते स्वस्त आहे म्हणून साठीतच उरकून टाकणारे आई-बाप पुष्कळ. करू नये. बक्षीसपत्र नोंदलं की घर दिलं, मग सुनेशी पटो न पटो. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात असं हस्तांतर रद्द करण्याची वाट आहे, पण ती सांभाळ करण्याच्या अटीशी जोडलेली आहे आणि त्यासाठी प्रांत अधिकाऱ्यापुढे स्वतःच्या मुलाविरुद्ध उभं राहावं लागतं. घर हयातीत स्वतःच्या आणि जोडीदाराच्या नावावर असावं आणि पुढची व्यवस्था मृत्युपत्राने करावी.

शेवटी कपाटातल्या फायलीबद्दल. पंचविशीपासून पैशांचे सगळे व्यवहार नवऱ्याने केले आणि त्याच्यामागे बायकोला पासवर्डही माहीत नाही, असं असंख्य घरांत घडतं. खाती ‘दोघांपैकी एक किंवा हयात’ पद्धतीची करावीत. एका कागदावर बँका, पॉलिसी, यूएएन, फंडांचे फोलिओ आणि कर्जं लिहून ते दोघांनी मिळून वर्षातून एकदा वाचावं. बँक खात्याला आता चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती नेमता येतात. पण नामनिर्देशित व्यक्ती पैसे ताब्यात घेते, त्यांचे मालक कायदेशीर वारस किंवा मृत्युपत्रात नाव असलेले. त्यामुळे नामनिर्देशनानंतरही मृत्युपत्र लागतंच. ते साध्या कागदावर चालतं. त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, फक्त सही करताना दोन साक्षीदार हवेत.